सलाईनच्या आधीचा अर्धा तास

रुशेरेच्या दूध संकलन केंद्रावर गवळी जोव्हेंटा केबिरुंगीच्या नाकाला जेवढे भ्यायचे तेवढे पोलिसालाही भ्यायचे नाहीत. सकाळी सायकली नि मोटारसायकली कॅन लटकावून रांगेत उभ्या राहायच्या. केंद्रात दूध तपासायची काचेची नळी होती, स्पिरिटची बाटली होती. जोव्हेंटा ते सगळं वापरायची, पण त्याआधी झाकण उघडून नुसतं नाक पुढे करायची.

"हे दूध नदी ओलांडून आलंय वाटतं," ती म्हणायची. "येता येता पोटभर पाणी प्यायलंय."

रांग हसायची आणि कॅनचा धनी खाली मान घालून सायकल वळवायचा.

वय बावन्न. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भावाच्या अंगणातच तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि भावाची सहा पोरं तिला आत्या म्हणत. अंकोलेत, या गुराख्यांच्या मुलुखात, आत्या म्हणजे सणासुदीला येणारी पाहुणी नव्हे. लग्नाआधी पोरीला चार गोष्टी सांगायच्या त्या आत्यानं, बिघडलेल्या पोराचा कान धरायचा तोही आत्यानं. जोव्हेंटाची जीभ या कामाला इतकी बेतून शिवलेली होती की हळूहळू अख्खं गावच तिला आत्या म्हणू लागलं.

आंघोळीच्या वेळी डाव्या छातीत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा तिनं कुणाशी चर्चा केली नाही. संशय आला की कॅन बाजूला काढायचा, हा तिचा रोजचा शिरस्ता. चार दिवसांत ती मोठ्या इस्पितळात जाऊन बसली. बरोबर भावजय जेनिना, हातात मटोक्याच्या शिजवलेल्या केळ्यांचा डबा नि गुंडाळलेली चटई. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत स्तन गेला, काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, पण हात रुसून बसला. खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं रोज थोडी थोडी वर चढवायची.

"पाल आहे का मी?" जोव्हेंटा म्हणाली, आणि भिंतीकडे पाठ करून बसली.

मग सुरू झालं सलाईनमधून औषध. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी. त्यातलं एक लालभडक होतं. वॉर्डात सगळे त्याला नुसतं 'लाल' म्हणत, गावातल्या गुंडाचं नाव घ्यावं तसं. पहिल्या खेपेनंतर केस गेले. त्याचं तिला फारसं वाटलं नाही, डोक्याला फडकं बांधलं की झालं. पण दुसऱ्या खेपेनंतर चव गेली. गवताच्या धुरानं धुपवलेल्या लाकडी चंबूतलं ताजं दूध तिनं तोंडाला लावलं आणि ते गंजलेल्या लोखंडासारखं लागलं. नाकही गेलं. केंद्रावर तिच्या जागी दुसरी बाई बसवली होती, आणि गावातले गवळी बरेच खुशीत असल्याचं कानावर येत होतं.

तिसऱ्या खेपेला तर भलतंच झालं. व्हॅन इस्पितळाच्या फाटकात वळली, धुतलेल्या फरशीचा फिनेलचा वास आला आणि जोव्हेंटा तिथंच भडाभडा ओकली.

"अहो वन्सं," जेनिना तिची पाठ चोळत म्हणाली, "अजून सुई बघितलीसुद्धा नाहीत तुम्ही!"

ओसरीवर सिस्टर अहुमुझा उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पंधरा वर्षं याच वॉर्डात काढलेली बाई. तिनं तांब्याभर पाणी आणलं.

"यात नवल नाही आत्या. हा वास आला की पुढे काय येणार ते पोटाला पाठ झालंय. ते आधीच उरकून घेतंय."

"पाठ झालंय?" तोंड पुसत जोव्हेंटा म्हणाली. "मग ते विसरायला लावू. पोट माझं आहे की इस्पितळाचं?"

सिस्टर हसली. ओकारीच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्याच, त्याला पर्याय नाही, असं तिनं बजावलं. मग खुर्चीत बसवून सांगितलं, "आता श्वास घ्या आणि सोडताना लांब सोडा. घेतलात त्याच्या दुप्पट. आकडे मोजा मनात."

जोव्हेंटानं चारपर्यंत मोजलं आणि तिला कंटाळा आला. तेवढ्यात तिला बापाची आठवण झाली. बाप गुराखी, आणि गायींचं कौतुक म्हणण्यात आसपासच्या वाड्यांत त्याचा हात धरणारा नव्हता. त्या म्हणण्याची रीत अशी, की एका गायीचं सगळं वर्णन एका दमात, मध्ये न थांबता, धबधब्यासारखं सोडायचं. ओळ संपली की ऐकणारे एका सुरात "एऽऽऽ" करतात आणि तेवढ्यात म्हणणारा पुढचा श्वास भरून घेतो. पुरुषांची कला ती. पण पाणवठ्याच्या वाटेवर बापाच्या मागे चालता चालता जोव्हेंटानं ती चोरून उचलली होती.

सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. जोव्हेंटानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सुटली, "बिहोगो, गर्द तांबडी, जिच्या शिंगांच्या सावलीत तीन वासरं बसतात, जी पाणवठ्याला निघाली की रस्ताच बाजूला सरतो, जिच्या हंबरण्यानं शेजारच्या गावातल्या म्हशी लाजून माना वळवतात!"

"एऽऽऽ" शेजारच्या खुर्चीतून खरखरीत आवाज आला.

तिनं डोळे उघडले. डोक्यावर हॅट, गुडघ्यांत काठी, असा एक हाडकुळा म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत होता. कारुगाबा त्याचं नाव. गळ्याखाली अन्ननलिकेत कॅन्सर, घन पदार्थ उतरत नसे. नाचणीच्या पातळ पेजेवर आणि दुधावर चालला होता.

"बायका कधीपासून गायी वाखाणायला लागल्या?" त्यानं विचारलं.

"पुरुषांचा दम संपला तेव्हापासून."

वॉर्डात हशा पिकला. म्हातारा चिडला नाही. काठी आपटून म्हणाला, "म्हशी कुठून आणल्यास तू? अंकोलेत कुठं आहेत म्हशी? आणि ओळही आखूड. ही गाय नव्हे, कालवड झाली."

मग त्यानं आपल्या फाटक्या आवाजात एक ओळ सोडली, जोव्हेंटाच्या दीडपट लांब. तिनं "एऽऽऽ" केलं आणि त्याहून लांब ओळ सोडून उत्तर दिलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी दोघांनी खाली पाहिलं, तर दोघांच्याही हातात सुया बसवून सिस्टर तिसऱ्या पेशंटकडे गेली होती.

औषधानंतर त्या दिवशीही जोव्हेंटा ओकली. पण घरी गेल्यावर, आणि दोनदाच. जेनिनानं ते नवऱ्याला असं सांगितलं, जसं पोर पहिल्या नंबरानं पास झालं.

पुढच्या खेपेला सिस्टरनं औषधाआधीचा अर्धा तास ओसरीवर मोकळा ठेवला. तिला पेशंटची नस शोधताना रोज घाम फुटायचा. घाबरलेल्याचा हात थंड पडतो, नसा आत दडून बसतात. या दोघांच्या नसा मात्र दोरीसारख्या वर आल्या होत्या, ते तिनं बघून ठेवलं होतं. आठ-दहा जण जमले. कुणाला गायींची कला येत नव्हती, त्यांनी "एऽऽऽ" तेवढं धरलं. मग एका बाईनं पाय आपटायला सुरुवात केली, आणि बघता बघता लग्नातला नाच सुरू झाला. तोच, ज्यात दोन्ही हात डोक्यावर लांब शिंगांसारखे वळवून धरतात आणि गायीच्या चालीनं डुलतात.

जोव्हेंटाचा उजवा हात वर गेला. डावा खांद्यापाशी अडला.

"एका शिंगाची गाय आली रे," बसल्या जागेवरून कारुगाबा म्हणाला.

"मोडक्या शिंगाची जास्त मारते, आजोबा. जपून!"

पण ते तिला लागलं. भिंतीवर न चढलेला हात ती घरी अंगणात या नाचासाठी रोज उचलू लागली. सिस्टरनं त्या व्यायामवाल्या मुलीला बोलावून दाखवून घेतलं. तिनं कुठं थांबायचं, कुठं झटका द्यायचा नाही, ते सांगितलं. सहा आठवड्यांत हात कपाळापर्यंत आला.

एका मंगळवारी डॉक्टर म्वेसिग्ये नेहमीच्या घाईत ओसरीवरून चालले होते. ते थबकले.

"हे इस्पितळ आहे की लग्नमांडव? नवरी कोण आहे यात?"

"नवरीच्याच शोधात आहोत डॉक्टर," जेनिना म्हणाली. "तुमचं झालंय का लग्न?"

डॉक्टरांचे कान तापायचे तेवढे तापले. ते तरातरा वॉर्डात शिरले. पण पुढचे तीन मंगळवार दाराआड उभे राहून बघत होते, हे सिस्टरला माहीत होतं. चौथ्या वेळी ते बाहेर आले.

"ताप असेल त्यानं नाचायचं नाही. रक्त कमी असेल त्यानं बसून करायचं. हाडांत दुखणं असेल तर आधी मला विचारायचं," ते म्हणाले. "सुईला भिऊन पळणारे कमी झालेत, असं मला वाटतंय. वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून मी सध्या कुठं लिहिणार नाही. पण चालू ठेवा. आणि यानं कॅन्सर बरा होतो असं इथं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी बंद."

"कोण म्हणतंय?" जोव्हेंटा म्हणाली.

म्हणत होती तीच. डॉक्टरांच्या समोर नाही, पण दुधाच्या रांगेत, चर्चच्या पायऱ्यांवर, ओसरीवर गप्पांच्या भरात. हात वर जायला लागला होता, ओकारी हटली होती आणि जीभ तर मुळचीच सैल. "आजार?" ती म्हणायची. "नाचवून नाचवून दमवला मी त्याला. पळाला!" लोक हसायचे आणि तिला बरं वाटायचं.

निन्सिमा हसली नव्हती. एकतीस वर्षांची प्राथमिक शाळेतली मास्तरीण. तिलाही स्तनाचाच कॅन्सर. तिनं ते वाक्य मन लावून ऐकलं होतं. तिसऱ्या खेपेला ती आली नाही. चौथ्या खेपेलाही नाही. फोन बंद. सिस्टर अहुमुझानं हे जोव्हेंटाला सांगितलं. तिनं निन्सिमाच्या गावाचा पत्ता विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती आणि जेनिना एकाच बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, चालकाच्या मागे एकमेकींना चिकटून, तीस किलोमीटर धुळीतून निन्सिमाच्या गावी गेल्या. निन्सिमा केळीच्या बागेत होती. चेहरा तुकतुकीत, डोक्यावर केसांची लव आलेली. दोन लहानग्या मुली तिच्याभोवती शिंगांचे हात करून नाचत होत्या.

"आत्या! बघा मी कशी झालेय!" ती धावत आली. "रोज सकाळ-संध्याकाळ करते. ओकारी नाही, काही नाही. गाठही दुखत नाही."

"औषधाला का आली नाहीस?"

निन्सिमा गोंधळली. "आता कशाला? तुम्हीच म्हणालात ना, आजार नाचून पळाला म्हणून?"

वीस वर्षं लोकांचे कॅन तपासले आणि आज पाणी आपल्याच कॅनमध्ये निघालं, असं जोव्हेंटाला झालं. ती खाली केळीच्या वाळक्या पानांवर बसली. मुलींना जेनिनानं घराकडे नेलं. मग जोव्हेंटानं ब्लाउजची बटणं काढली आणि छातीवरचा आडवा व्रण निन्सिमाला दाखवला.

"हे नाचानं केलेलं नाही. हे सुरीनं केलं. कुठं काही बारीक उरलं असेल ते लाल औषध शोधून मारतंय. तू बरी दिसतेस, कारण औषध थांबलंय. आजार थांबलाय म्हणून नव्हे."

"मग श्वास नि नाच काय करतो?"

"मला त्या खुर्चीत बसवून ठेवतो. तेवढंच. पण ते नसतं ना, तर तिसऱ्या वेळीच मी फाटकातून पळाले असते. तेवढंही थोडं नाही, पोरी. पण तेवढंच."

निन्सिमाचा चेहरा बदलला. "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? दोन खेपा गेल्या माझ्या!"

"फुशारकी मारली," जोव्हेंटा म्हणाली. "चूक माझी आहे. माफ कर मला."

घरातून परत आलेली जेनिना तिथंच खिळली. लग्न होऊन तिला सव्वीस वर्षं झाली होती आणि हा शब्द नणंदेच्या तोंडून तिनं आज पहिल्यांदा ऐकला होता.

निन्सिमा बराच वेळ रागानं रडली. मग खरं काय ते बाहेर आलं. औषधानंतर दोन दिवस ती ओकत पडायची आणि धाकटी मुलगी तिच्याजवळ यायलाच भ्यायची. दारातून बघायची नि पळून जायची. ते तिला सहन होत नव्हतं. नाचताना मात्र मुली जवळ येत.

"त्या दोन दिवसांसाठी मुली आमच्याकडे," जोव्हेंटा म्हणाली. "जेनिनाकडे."

"मला विचारलंत का?" जेनिना म्हणाली.

"विचारतेय की."

"सहा वाढवलीत, दोघींनी काय होतंय. आणि वन्सं, तो मघाचा शब्द एकदा मलाही म्हणून दाखवा. बऱ्याच जुन्या बाकी आहेत."

निन्सिमाला पहिल्यांदा हसू फुटलं. पुढच्या मंगळवारी ती आली. डॉक्टर म्वेसिग्ये तिला रागावले नाहीत. पुन्हा तपासण्या केल्या, औषधाचं वेळापत्रक नव्यानं लावलं. आणि जोव्हेंटा ओसरीवर सगळ्यांसमोर उभी राहिली. ती म्हणाली, "मी इथं खोटं बोलले होते. कान उघडे ठेवून ऐका. हे औषध नाही. औषध आत आहे. आत जायचं बळ यावं म्हणून हे." तेव्हापासून प्रत्येक मंगळवारची सुरुवात याच शब्दांनी होऊ लागली. नवीन माणूस आला नसला तरी.

जोव्हेंटाची सलाईन संपली, पण मंगळवार संपले नाहीत. ती येतच राहिली. त्या सुमाराला कारुगाबाचं दुखणं मात्र वाढलं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सरळ सांगितलं, औषध आता लागू पडत नाही. म्हातारा म्हणाला, "मग मी माझ्या गायींत जातो." वेदनेसाठी मॉर्फिनची बाटली घेऊन तो घरी गेला. तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीचा, एव्हासचा, फोन आला. आबा बोलावतायत.

दुपारचं ऊन होतं. काटेरी झाडाच्या सावलीत चटईवर त्याला बसता करून ठेवला होता, समोर कुंपणात गायी रवंथ करत होत्या. मॉर्फिननं वेदना आटोक्यात होत्या, पण दम लागत होता. दर श्वासाला त्याचे खांदे कानापर्यंत चढत आणि डोळ्यांत भीती यायची.

"ओळ... पुरी होत नाही," तो म्हणाला. "मध्येच... तुटते."

"मग ओळ माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त ऐकणाऱ्यांचं काम करा. आयुष्यभर म्हणालात, आता जरा ऐका की."

ती त्याच्याजवळ बसली, हात त्याच्या पाठीवर ठेवला. समोरच्या पहिल्या गायीची ओळ तिनं सोडली, मुद्दाम आखूड. तो क्षीणपणे "एऽ" म्हणाला. दुसरी गाय. "एऽऽ." पाच-सहा गायी झाल्या तेव्हा खांदे खाली आले होते. दहाव्या गायीला त्यानं डोळे उघडून हात हलवला.

"चुकलीस. तिचं... डावं शिंग... आत वळलंय."

"बघा, दम आला की आधी चुका काढायला."

एव्हास तोंडाला पदर लावून हसली आणि तशीच रडली.

तो आठ दिवसांनी गेला. एव्हासनं नंतर सांगितलं, तिला ओळी येत नव्हत्या म्हणून शेवटच्या दिवशी ती नुसती गायींची नावं घेत राहिली, एकामागून एक, आणि आबा प्रत्येक नावाला हुंकार देत होते. घाबरले नाहीत.

जोव्हेंटा त्या मंगळवारी इस्पितळात आली. ओसरीवर उभं राहून नेहमीचे शब्द म्हणाली, मग ओळ सोडली. ओळ संपली आणि पुढे शांतता. "एऽऽऽ" नेहमी म्हातारा सुरू करायचा, बाकीचे त्याच्या मागून. तो घरी गेल्यापासून जोव्हेंटाच तो सूर धरून द्यायची, आज तिनं धरला नाही आणि बाकी कुणाला सुचेना. मग मागच्या बाकावरून निन्सिमानं सूर धरला, आणि ओसरी तिच्यामागून आली.

याला आता चार वर्षं झाली. जोव्हेंटा सहा-सहा महिन्यांनी तपासायला जाते, आणि अजून तरी काही निघालेलं नाही. डावा हात कानापर्यंत जातो, त्यापुढे सरळ होत नाही, आणि थंडीत दुखतो. चव परतली, नाकही बऱ्यापैकी. केंद्रावर ती आठवड्यात तीन दिवस बसते, आणि गवळ्यांचे सुखाचे दिवस संपले आहेत. निन्सिमाची औषधं पुरी झाली, ती पुन्हा शाळेत शिकवते. तिच्या मुली मात्र सुटी लागली की अजूनही जेनिनाकडे यायचा हट्ट धरतात. डॉक्टर म्वेसिग्येंनी शेवटी कागदावर लिहायला घेतलंय. किती जण मध्येच सोडून गेले, किती जणांनी उपचार पुरे केले. आकडे काय म्हणतात ते अजून सांगत नाहीत. जोव्हेंटानं एकदा विचारलं तर म्हणाले, "आत्या, घाई करू नका. पुरावा शिजतोय."

परवाच्या मंगळवारी एक पोलीस हवालदार आला होता. आतड्याचा कॅन्सर, औषधाची पहिलीच खेप. कडक इस्तरीचा गणवेश घालूनच आला होता, जणू लालवर धाड घालायला निघालाय. बाकाच्या अगदी टोकाला ताठ बसला. शेजारी बायका पाय आपटत होत्या, त्यांच्याकडे बघायचंही टाळत होता. बोटं मात्र कमरेच्या पट्ट्याचं बक्कल सारखी चाचपत होती.

जोव्हेंटा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"यानं बरं होतं का?" त्यानं समोर बघतच विचारलं.

"नाही. बरं करायचं काम आत चालतं. इथं फक्त आत जायची तयारी."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. उत्तर त्याला पटलं असावं.

"मला नाचता येत नाही," तो म्हणाला.

"नाचायला कुणी सांगितलं? आधी तो पट्टा सैल करा, साहेब. पोटाला जागा द्या. दोन बोटं. आणखी एक भोक. हां. आता श्वास घ्या, आणि या बायका एऽऽऽ करतील त्यांच्याबरोबर सोडा. त्यांच्या आधी संपवू नका, म्हणजे झालं."

हवालदारानं इकडेतिकडे बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. त्यानं पट्ट्याचं बक्कल पुरतंच सोडलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि छाती भरून घेतली.